धूमकेतूवाल्या हॅलेनं एका शहराच्या मयतांवरून आयुष्याचा हिशोब मांडला, पण ६४ जण कुठं गेले?

विमा एजंट घरी आला की चहा यायच्या आधी वय विचारतो. जसं वय तसा हप्ता, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की कधीकाळी असं नव्हतं हे खरंच वाटत नाही. हा हिशोब ज्यांनी आकड्यांत मांडून दाखवला त्यातलं एक मोठं नाव विम्यातलं नाहीच. ते आहे धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेचं.

हॅलेचा जन्म १६५६ चा, लंडनजवळचा. वडिलांचा साबणाचा धंदा, घरात पैसा. विसाव्या वर्षी ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून हा गडी थेट सेंट हेलेना बेटावर गेला, दक्षिणेकडच्या ताऱ्यांची यादी करायला. पुढं न्यूटनच्या मागं लागून त्यानं 'प्रिन्सिपिया' लिहून घेतलं आणि १६८७ मध्ये छपाईचा खर्चही स्वतःच्या खिशातून केला. मोजण्यासारखं काही दिसलं की त्याला राहवायचं नाही. १६९३ मध्ये त्यानं माणसं मोजायला घेतली.

लंडनमध्ये मयतांच्या याद्या छापल्या जायच्या, पण त्यात मेलेल्याचं वयच नसायचं. त्यात बाहेरगावाहून आलेली माणसं इतकी, की जन्म एकीकडं आणि मरण लंडनमध्ये. हॅलेला हवं होतं असं शहर जिथं येणंजाणं कमी आणि नोंद चोख.

ते सापडलं ब्रेसलाऊत, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये. समुद्रापासून लांब, तागाच्या कापडावर पोट भरणारं शहर. तिथला कास्पार नॉयमान हा पाद्री मयतांच्या वयासकट नोंदी गोळा करत होता. त्याचं कारणही भारी आहे. आपल्याकडं साडेसातीचा धाक असतो तसा तिकडं सात आणि नऊच्या पाढ्यातल्या वर्षांचा धाक होता. त्यात ६३ वं सगळ्यात वाईट, कारण सात नवे त्रेसष्ट. नॉयमाननं नोंदी तपासल्या आणि त्या वर्षांत जास्त माणसं मरतात असं काही दिसलं नाही. हीच आकडेवारी पुढं लंडनला हॅलेच्या हातात पडली.

१६८७ ते १६९१ या पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला १,२३८ जन्म आणि १,१७४ मृत्यू. जन्मलेल्यांपैकी ३४८ पहिल्या वर्षातच जायचे. सतराव्या वर्षापर्यंत उरायचे ६१६, म्हणजे निम्मेच. यावरून हॅलेनं वयवार कोष्टक बांधलं आणि शहराची लोकसंख्या काढली ३४,०००. शिरगणती न करता! तेव्हा इंग्लंडचं सरकार १०० पौंड घेऊन जन्मभर वर्षाला १४ पौंड देत होतं, घेणारा दहा वर्षांचा असो की सत्तरीचा. म्हणजे साधारण सात वर्षांत मुद्दल वसूल. हॅलेनं दाखवलं की त्याच उत्पन्नाची खरी किंमत दहा वर्षांच्या पोरासाठी १३ वर्षांच्या रकमेहून जास्त होते आणि सत्तरीच्या म्हाताऱ्यासाठी पाचाच्या थोडी वर. सरकारनं काही ते मनावर घेतलं नाही.

आता १,२३८ मधून १,१७४ वजा करा. उरतात ६४.

दरवर्षी ६४ माणसं वाढत असतील तर शहर वाढायला हवं. पण कोष्टक जुळायचं तर लोकसंख्या स्थिर धरावी लागत होती. हॅलेनं एक अंदाज बांधला. ब्रेसलाऊवर सत्ता हॅब्सबर्ग सम्राटाची, त्याचं तुर्कांशी युद्ध पेटलेलं, तेव्हा ही माणसं सैन्यभरतीत जात असावीत. मुद्दा निकाली निघाला आणि तो पुढच्या गणिताकडं वळला. पण तसं असेल तर ती पोरं कुठल्यातरी रणात पडली, आणि त्यांची मयत गावच्या वहीत चढायचं कारणच नव्हतं. वहीला जन्म कळतो आणि गावात झालेलं मरण कळतं. गाव सोडून गेलेला तिच्या लेखी फक्त वजाबाकीत उरतो.

बायांचंही तसंच. हॅलेनं माणसांची संख्या सरळ अर्धी करून १६ ते ४५ वयाच्या सुमारे ७,००० बाया धरल्या, आणि वर्षाला बाळंत होतात त्यातल्या जेमतेम एक षष्ठांश, हे कमी आहे असं ठरवलं. संसाराचा खर्च झेपेल का या भीतीनं लोक लग्न लांबवतात, हे कारण त्यानं बरोबर ओळखलं. उपाय काय सुचवला, तर लग्न न करणाऱ्यांवर जादा कर आणि सैन्यातली नोकरी! म्हणजे ६४ चा आकडा अजून वाढवायची सोय. बाळंतपणात किती बाया गेल्या हे त्या कोष्टकात शोधून सापडत नाही, कारण बाई-पुरुष असा फरकच त्यात नाही.

१७२० मध्ये हॅले राजज्योतिषी झाला तेव्हा त्याला नुकतीच ६३ पूर्ण झाली होती, तेच घातवाराचं वय. त्या वयात त्यानं चंद्राच्या निरीक्षणाचं १८ वर्षांचं काम अंगावर घेतलं. त्याच्याच कोष्टकात ६३ व्या वर्षी २१२ माणसं आहेत आणि ८१ व्या वर्षी ३४. त्यानं ते काम पुरं केलं. १७४२ मध्ये तो गेला, वय ८५. कोष्टकातली वयवार शेवटची ओळ ८४ ची आहे.