बोरॉनचा साधक : आल्फ्रेड स्टॉक

कॅरमच्या बोर्डावर आपण टाकतो ती बोरिक पावडर आणि सोनार वापरतो तो टाकणखार, दोन्ही बोरॉनची संयुगे आहेत. या मूलद्रव्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

आल्फ्रेड स्टॉक यांचा जन्म 16 जुलै 1876 रोजी डान्झिग येथे झाला. बर्लिनमध्ये शिक्षण घेऊन ते पॅरिसला मॉयसाँ यांच्याकडे वर्षभर राहिले. 1912 पासून त्यांनी बोरॉन व हायड्रोजन यांच्या संयुगांचा अभ्यास सुरू केला. ही संयुगे हवा लागताच पेट घेत. म्हणून स्टॉक यांनी काचेच्या नळ्यांचे निर्वात उपकरण बनवले. त्याच्या झडपा पाऱ्याच्या होत्या. त्यातून डायबोरेनसह अनेक संयुगे शुद्ध स्वरूपात हाती आली.

पण डायबोरेनने कोडे घातले. बोरॉनचा अणुक्रमांक 5, बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन फक्त 3. दोन बोरॉनचे 6 आणि सहा हायड्रोजनचे 6 मिळून होतात 12. नेहमीच्या पद्धतीने सात बंध जोडायचे तर 14 लागतात. मग हा रेणू टिकतो कसा?

इकडे स्टॉक यांची प्रकृती ढासळत होती. डोकेदुखी, चक्कर, कमी ऐकू येणे, आणि स्मरणशक्ती तर इतकी गेली की काम करणे कठीण झाले. वर्षानुवर्षे कारण कळेना. अखेर 1924 मध्ये उलगडा झाला : प्रयोगशाळेतील पाऱ्याची वाफ! आपल्याच उपकरणाने आपल्याला विष दिले, हे त्यांनी लपवले नाही. 1926 मध्ये स्वतःची सारी लक्षणे प्रसिद्ध करून त्यांनी इतरांना सावध केले व पुढेही पाऱ्याच्या विषबाधेवर संशोधन केले.

कोड्याचे उत्तर 1943 मध्ये ऑक्सफर्डमधील लॉंगेट-हिगिन्स या तरुण विद्यार्थ्याने मांडले. चार साधे बंध 8 इलेक्ट्रॉन घेतात. उरलेल्या 4 इलेक्ट्रॉनांवर दोन हायड्रोजन अणू दोन्ही बोरॉनमध्ये पुलासारखे उभे राहतात. पुढील प्रयोगांनी हे खरे ठरले. स्टॉक मात्र 12 ऑगस्ट 1946 रोजी निवर्तले होते.

बालमित्रांनो, प्रयोगशाळेत तापमापी फुटली, तर चकाकणाऱ्या पाऱ्याला हात लावू नका. लगेच सरांना किंवा बाईंना सांगा. तो धडा स्टॉक यांनी स्वतःच्या आरोग्याची किंमत देऊन आपल्याला दिला आहे.