आचार्य जगदीशचंद्र बोस

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे सौरपट्ट्यांच्या लांबच लांब रांगा पसरलेल्या आहेत. ऊन पडताच त्यांतून वीज वाहू लागते. हा गुण अर्धवाहक पदार्थांचा. हे पदार्थ धातूंइतके वीजवाहक नसतात आणि काचेइतके वीजरोधकही नसतात. अशा पदार्थांना प्रथम कामास लावणाऱ्यांत एक थोर भारतीय होते. ते म्हणजे आचार्य जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. इंग्लंडमध्ये शिक्षण पुरे करून १८८५ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. युरोपीय प्राध्यापकांहून कमी वेतन देऊ केलेले पाहून त्यांनी तीन वर्षे वेतनच स्वीकारले नाही. पण अध्यापनात तिळभर कसूर केली नाही. अखेरीस त्यांना पूर्ण वेतन मागील थकबाकीसह मिळाले.

संशोधनासाठी साधने नव्हती. लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे घडविली. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या नगरभवनात त्यांनी अदृश्य विद्युत्-लहरी भिंतीपलीकडे पाठविल्या, त्यांच्या योगे घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली.

परंतु लहरी टिपणाऱ्या यंत्राचा भरवसा नसे. एकदा ते प्रतिसाद देई, तर दुसऱ्यांदा मौन धरी. दमट हवेत त्यातील पोलादी स्प्रिंगा गंजत. बोसांनी त्यांवर कोबाल्टचा मुलामा चढविला. मग एकेक पदार्थ घेऊन, टोकाचा दाब व विजेचा जोर थोडाथोडा बदलून, किती प्रवाह वाहतो हे त्यांनी मोजले. प्रयोग एकदा साधला, एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. अशा कसोटीस गॅलिना हे शिशाचे खनिज उतरले. ते प्रकाशालाही प्रतिसाद देई. मित्रांच्या आग्रहाखातर १९०१ साली अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज झाला व १९०४ मध्ये ते मिळाले. पण बोसांनी त्यातून धन जोडले नाही. १९१७ मध्ये त्यांनी कलकत्त्यास विज्ञानमंदिर स्थापिले.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेत जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची टोके टेकवून पहिला ट्रान्झिस्टर सिद्ध झाला. सुरुवातीचे हे ट्रान्झिस्टरही एकासारखे दुसरे नसत. ओलावा त्यांना बाधे. म्हणून प्रत्येकाची पारख मापे घेऊनच करावी लागे. बोसांनी आपल्या लहानशा खोलीत तोच मार्ग धरला होता.