एडिसनची बॅटरी गाडीत का बसली नाही?

कॉलेजला निघालाय, सेल्फ मारला आणि गाडीने नुसतं टक्-टक् केलं. मेकॅनिक येतो, मीटर लावतो आणि बॅटरी गेली म्हणून सांगतो. मग येतो खरा प्रश्न. साधी टाकायची की एजीएम? साधी स्वस्त, एजीएम महाग. अशा वेळी आपण दोनच गोष्टी विचारतो : भारी कुठली आणि जास्त टिकणार कुठली? दोस्तांनो, सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने नेमके हेच दोन प्रश्न धरले आणि त्यांच्यामागे आयुष्याची दहा वर्षं घातली. बॅटरी उत्तम झाली, पण मोटारीत तिला जागा मिळाली नाही. तो माणूस म्हणजे थॉमस अल्वा एडिसन.

ॲसिडने घालवलेली नोकरी

एडिसन म्हटलं की तुम्हाला विजेचा दिवा आठवतो, फोनोग्राफ आठवतो. पण बॅटरीशी त्याचं नातं त्याहून जुनं आहे. 11 फेब्रुवारी 1847 ला अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या मिलान गावी तो जन्मला. शाळा जेमतेम काही महिने झाली, पुढचं शिकवलं आईने. बाराव्या वर्षी तो रेल्वेत पेपर आणि गोळ्या-बिस्किटं विकू लागला. लहानपणापासूनच ऐकू कमी यायचं, तरी तो तारमास्तर झाला. त्या काळी तारयंत्र चालायचं ते बॅटऱ्यांवर. विसाव्या वर्षी लुईव्हिलला तो मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा, म्हणजे प्रयोगांना वेळ मिळे. असं सांगतात की 1867 मधल्या एका रात्री त्याच्या हातून सल्फ्युरिक ॲसिड सांडलं, लाकडी फळ्यांच्या फटींतून झिरपलं आणि खाली थेट साहेबाच्या टेबलावर पडलं. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली!

गंमत बघा, तीसेक वर्षांनी हाच माणूस ॲसिडच्या बॅटरीविरुद्ध कंबर कसून उभा राहिला.

शिशाला पर्याय हवा

1900 च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी साधारण तीनातली एक विजेवर चालायची. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारावं लागे, धूर आणि खडखडाट वेगळाच. विजेची गाडी मात्र गुपचूप निघायची. अडचण होती बॅटरीची. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने 1859 मध्ये शोधलेली शिसे-आम्ल बॅटरीच सगळे वापरत. ती जड होती, आतलं ॲसिड धोक्याचं होतं आणि पूर्ण उतरवून तशीच ठेवली की प्लेटा खराब व्हायच्या.

एडिसनने ठरवलं, शिसं नको आणि ॲसिडही नको. 1899 मध्ये काम सुरू झालं. हजारो प्रयोगांनंतर तो निकेल आणि लोखंडावर येऊन थांबला. ॲसिडच्या जागी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आलं. 1901 मध्ये कंपनी निघाली, नंतर माल बाजारात आला, गाजावाजाही दणक्यात झाला.

आणि तक्रारी येऊ लागल्या. डबे गळत होते. काही सेलची ताकद हळूहळू उतरत होती. आता तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केलं असतं? माल विकला जात होता, नाव मोठं होतं. एडिसनने कारखाना थांबवला, बिघडलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. एकदोन नाही, जवळपास पाच वर्षं. आतली रचना बदलली, डब्याचे सांधे पक्के केले. बॅटऱ्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून पाहिल्या, खडबडीत रस्त्यांवर गाड्यांतून हिंडवल्या. 1909 मध्ये नवी बॅटरी आली, ती खरोखर दणकट होती. वर्षानुवर्षं चालणारी, जास्त उतरली तरी न रुसणारी.

मधल्या काळात

पण बाजार काही त्याच्यासाठी थांबला नव्हता. 1896 मध्ये डेट्रॉइटचा एक तरुण इंजिनीअर एडिसनला भेटला होता आणि त्याच्या पेट्रोल इंजिनाच्या कल्पनेला एडिसननेच पाठ थोपटून धीर दिला होता. तो तरुण म्हणजे हेन्री फोर्ड. 1908 मध्ये त्याची मॉडेल टी आली, किंमत 850 डॉलर. डेट्रॉइट इलेक्ट्रिक या विजेच्या गाडीत एडिसनची बॅटरी हवी असेल, तर नुसत्या बॅटरीचे जादा 600 डॉलर पडत!

दुसरा धक्का त्याहून मोठा होता. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅकमध्ये आला. हँडल मारायची कटकट संपली आणि विजेच्या गाडीचा मोठा फायदाच गेला. या स्टार्टरला वीज कुठून मिळायची? शिसे-आम्ल बॅटरीतून.

असं का झालं, ते नीट समजून घ्या. इंजिन फिरवायला काही सेकंदच, पण प्रचंड करंट लागतो. शिसे-आम्ल बॅटरीचा आतला विरोध कमी, त्यामुळे ती हा झटका देते. एका सेलमागे साधारण 2 व्होल्ट मिळतात. निकेल-लोखंडाच्या सेलला जेमतेम 1.2 व्होल्ट, आणि थंडीत तर ती फारच ढेपाळते. फोर्डला मॉडेल टीच्या स्टार्टरसाठी एडिसनची बॅटरी हवी होती, पण जमलं नाही. दोघांनी मिळून विजेची गाडी काढायची घोषणा 1914 मध्ये झाली, ती गाडीही बाजारात आली नाही.

1916 च्या जानेवारीत तर भलतंच घडलं. न्यूयॉर्कला ई-2 नावाच्या पाणबुडीत एडिसनच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. त्यांच्यातून निघालेला हायड्रोजन आत साठला, स्फोट झाला आणि माणसं दगावली.

मग बॅटरी वाया गेली का? मुळीच नाही. खाणकामगारांच्या डोक्यावरचे दिवे, रेल्वेचे सिग्नल, माल वाहणाऱ्या विजेच्या गाड्या अशा सावकाश आणि सतत वीज लागणाऱ्या कामांत ती मस्त रुळली. एडिसनच्या उतारवयात तिनेच त्याला चांगला पैसा मिळवून दिला. 18 ऑक्टोबर 1931 ला तो गेला, त्यानंतरही ती कित्येक वर्षं बनत राहिली.

आता तुमची गाडी

एडिसनचं चुकलं कुठे? बॅटरीत नाही, काम ओळखण्यात. तो टिकाऊपणा शोधत राहिला आणि गाडीचं काम बदलून गेलं. तुमचा प्रश्नही तिथूनच सोडवा.

एजीएम ही प्लांतेच्याच घराण्यातली आहे. शिसं तेच, ॲसिड तेच. फक्त ॲसिड मोकळं न ठेवता प्लेटांमधल्या काचेच्या तंतूंच्या चटईत शोषून धरलेलं असतं. म्हणून सांडत नाही, पाणी घालावं लागत नाही, धक्के सोसते आणि लवकर चार्ज होते. आत तयार होणारा वायू बहुतेक आतच पुन्हा पाणी होतो. पण चार्जिंग बिघडून व्होल्टेज जास्त गेलं, तर ती आतून वाळते आणि वरून पाणी घालायची सोयच नसते. उन्हाळ्यात तापणाऱ्या बॉनेटखाली हे विसरू नका.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीत कंपनीने एजीएम दिली असेल, तर बदलतानाही एजीएमच घ्या. तिथे साधी टाकून वाचवलेले पैसे लवकरच वसूल होतील, तुमच्याकडूनच! जुनी, साधी गाडी असेल आणि महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर बघायची तयारी असेल, तर साधी बॅटरी उत्तम. आणि बॅटरी कुठलीही असो, आधी चार्जिंग तपासून घ्या. ते बिघडलेलं असेल तर नवीही मरेल. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, शिसं विषारी असतं.

दुकानात गेल्यावर भारी कुठली, हे नंतर विचारा. आधी सांगा, माझ्या गाडीला काम काय आहे. एवढा एक प्रश्न वेळेवर पडला असता, तर कदाचित एडिसनची दहा वर्षं वाचली असती.