मीर सुलतान खान

बुद्धिबळाला आपण उर्दूत शतरंज म्हणतो. या खेळाचे नामवंत खेळाडू मीर सुलतान खान यांचा जन्म पंजाबातील मिठा तिवाना या गावी झाला. खेळ त्यांना वडिलांनीच शिकवला.

त्या काळी आपल्याकडचे नियम निराळे होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. युरोपात ते दोन घरे जाऊ शके. १९२९ साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले. तेथील खेळाडूंना सुरुवातीच्या चाली पुस्तकांमुळे पाठ असत. सुलतान खानांना ती विद्या नवी होती. त्यातच थंडी आणि मलेरिया! सुरुवातीला त्यांचा डाव पुष्कळदा मागे पडे. पुढे मात्र ते शांतपणे तो सावरत. त्याच वर्षी ते ब्रिटिश विजेते झाले. १९३२ व १९३३ सालीही झाले.

हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका त्यांच्यासमोर बसले. सुलतान खानांकडे पांढरी मोहरी होती. सुरुवातीलाच त्यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे एक घर सरकवले. चाल अगदी साधी. पण तिने कापाब्लांकांच्या उंटाची वाट अडली. पुढे मोठमोठे खेळाडू ही चाल वापरू लागले. ६५ चालींनंतर कापाब्लांका हरले.

१९३३ अखेर सुलतान खान मायदेशी परतले. १९३५ साली महाराष्ट्राचे खाडिलकर यांच्याशी ते दहा डाव खेळले. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. नंतर ते स्पर्धांपासून दूर राहिले. १९६६ साली सरगोधा येथे त्यांचे निधन झाले. मानद ग्रँडमास्टर हा किताब त्यांना २०२४ साली देण्यात आला.