संत गुलाम महाराज

संत गुलाम महाराज (मृत्यू: इ.स. १९३८) हे खानदेशातील भिल्ल समाजातील संत व समाजसुधारक होते. गुला महाराज या नावानेही ते ओळखले जातात. त्यांनी सुरू केलेल्या सामुदायिक आरतीतून आप पंथ उदयास आला.

पार्श्वभूमी

गुलाम महाराज तळोदा तालुक्यातील मोरवड (आताचे रंजनपूर) येथील होते. हा भाग त्या काळी पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे सीमेलगतचे गावही याच जिल्ह्यात येते. सीमेपलीकडील दक्षिण गुजरातेत १९२२ मध्ये देवी चळवळ पसरली होती. देवीची आज्ञा मानून हजारो आदिवासींनी मद्य सोडले होते. सावकारी व दारूच्या व्यसनामुळे खानदेशातील भिल्लांचीही स्थिती बिकट होती.

आरती व शिकवण

इ.स. १९३७-३८ च्या सुमारास महाराजांनी मोरवड येथे आरती सुरू केली. दर सोमवारी दूरदूरच्या गावांतून हजारो लोक तेथे जमू लागले. दारू सोडावी, रोज स्नान करावे, चोरी करू नये, अशी त्यांची शिकवण होती. आप की जय हे अनुयायांचे अभिवादन झाले. एरवी ज्यांना अवमानकारक एकेरी संबोधन ऐकावे लागे, त्या समाजाला या आदरार्थी शब्दाने परस्परांचा मान राखण्याची रीत दिली. आरतीस येणारा प्रत्येक जण तिच्यात सहभागी असे. केवळ प्रेक्षक असा कोणी नसे. दारूविक्रेत्यांच्या धंद्याला मात्र याचा फटका बसला.

निधनानंतर

महाराजांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी आरतीची परंपरा चालविली. मोठ्या जमावांना धास्तावलेल्या ब्रिटिश प्रशासनाने मेळाव्यांवर निर्बंध घातले व रामदास महाराजांना जिल्ह्यातून हद्दपार केले. २ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार झाला. त्यात १५ आदिवासी मृत्युमुखी पडले.

वारसा

रावलापाणी येथे दरवर्षी २ मार्चला आदिवासी बांधव एकत्र येऊन हुतात्म्यांना अभिवादन करतात. तेथील खडकांवरील गोळ्यांच्या खुणा आजही दाखविल्या जातात. पंथाचा इतिहास अनुयायांनी ग्रंथांपेक्षा कृतीतून अधिक जपला आहे. ज्या एकत्र येण्यावर एकेकाळी बंदी होती, तेच एकत्र येणे या स्मरणाचे मुख्य अंग आहे. शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती यांनी भजनी परंपरेच्या आधारे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आदिवासींचे संघटन केले. १९७२-७३ मध्ये तेथील आदिवासी स्त्रियांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. मद्यमुक्तीचा महाराजांचा आग्रह अशा रीतीने पुढील पिढीच्या लढ्यातही टिकून राहिला.