मल्लविद्येचे उपासक : बाळंभटदादा देवधर

मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर यांचे चरित्र आपल्या हैदराबादशी निगडित आहे, हे आपल्यापैकी अनेक भाविकांना ज्ञात नसेल. म्हणून त्यांचा हा अल्प परिचय आम्ही येथे सादर करीत आहोत.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत निजामाच्या राज्यातील अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यास गेले व त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले, असे परंपरा सांगते. कोणीही पुढे येईना. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी काही काळाची मुदत मागून घेतली.

ते थेट नाशिकजवळील वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तेथे त्यांनी जगदंबेची आराधना केली. मारुतीरायांनी स्वप्नात येऊन लाकडी खांबावर कुस्तीचे डावपेच दाखविले, अशी श्रद्धा आहे. पुढे त्यांनी त्याच खांबावर अहोरात्र मेहनत केली. ठरल्या दिवशी त्यांनी गुलाबला चीत केले. ते पाहून अलीने माघार घेतली, अशी कथा आहे.

खांबावरील व्यायाम त्यापूर्वीही होता. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या अशा व्यायामाचा उल्लेख आहे. ही कल्याणी म्हणजे पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेले आजचे बसवकल्याण होय. लुप्तप्राय झालेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन बाळंभटदादांनी केले. सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, वर निमुळता होत जाणारा, अंग, मान व बोंड असे भाग असलेला आणि एरंडेल तेल चोळलेला खांब हा त्यांनी मल्लांचा नित्याचा जोडीदार केला.

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली. बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेले; दादाही त्यांच्यासमवेत गेले. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई यांनी बालपणी तेथेच मल्लखांबाचे धडे घेतले, असे सांगितले जाते. कोंडभटनाना गोडबोले, नारायणगुरू देवधर, दामोदरगुरू मोघे इत्यादी शिष्यांनी ही विद्या पुढे नेली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली, तेव्हा मल्लखांबाची ओळख जगाला झाली.

पुण्याच्या विजयाची ही कथा सांगताना आम्हा हैदराबादकरांस एक गोष्ट नम्रपणे नमूद करावीशी वाटते. अली व गुलाब यांना केवळ पराभूत मल्ल म्हणून विसरणे योग्य होणार नाही. ते बलाढ्य होते म्हणूनच बाळंभटांना गड चढावा लागला. त्यांचे आव्हान नसते, तर हा खांबही कदाचित विस्मृतीतच राहिला असता. आणि दादांनी देवीकडे कौल मागितला खरा, परंतु गडावरून उतरताना त्यांच्या तळव्यांना घट्टे पडलेलेच असणार. कृपेचा प्रसाद परिश्रमाच्या हातांतच टिकतो.

मंदिरात मारुतीरायांपुढे हात जोडताना, विशेषतः बालगोपाळांनी, हे ध्यानी ठेवावे, ही नम्र प्रार्थना.