छापील मजकुराचा गुन्हेगार

परक्या सैन्याची गुपिते मिळवावयाची म्हणजे तिजोऱ्या फोडावयाच्या, अधिकारी फितवावयाचे आणि वेषांतर करून सरहद्द ओलांडावयाची, असा समज हेरकथांनी रूढ केला आहे. बेर्टोल्ड याकोब या जर्मन पत्रकाराने यांपैकी काहीच केले नाही. तो वर्तमानपत्रे वाचीत असे व कात्रणे ठेवीत असे. तरीही वायमार प्रजासत्ताकाच्या न्यायालयाने त्याला देशद्रोही ठरविले आणि हिटलरच्या हस्तकांनी त्याला दोनदा परक्या भूमीवरून पळवून नेले.

याकोबचा जन्म बर्लिनमधील एका ज्यू कुटुंबात १८९८ साली झाला. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिक म्हणून भाग घेतला आणि युद्ध संपले तेव्हा तो कडवा युद्धविरोधक बनला होता. मात्र शांततावाद्यांच्या सभांत होणाऱ्या उदात्त भाषणांवर त्याचे समाधान होईना. ज्याला युद्ध टाळावयाचे आहे त्याने सैन्याचा अभ्यास सेनापतींपेक्षाही बारकाईने केला पाहिजे, अशी त्याची धारणा होती. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला एक लाखाहून अधिक सैन्य बाळगण्यास मनाई केली होती. सक्तीची लष्करभरती बंद झाली होती. प्रत्यक्षात अल्पमुदतीच्या स्वयंसेवकांना गुपचूप शिक्षण देऊन राखीव फौज उभी केली जात होती. या ‘काळ्या सैन्या’विषयी आणि त्यातील राजकीय खुनांविषयी याकोब ‘दी वेल्टब्यूने’ या साप्ताहिकातून लिहू लागला. कार्ल फोन ओसिएट्स्की पुढे याच साप्ताहिकाचा संपादक झाला.

३१ मार्च १९२५ रोजी फेल्टहाइम येथे वेझर नदी ओलांडण्याचा सराव चालू असताना सैनिकांनी भरलेला तराफा उलटला आणि ८१ जण बुडाले. देशभर शोक झाला. याकोबने मात्र बुडालेले हे तरुण कोण, हा अशा प्रसंगी कोणी न विचारणारा प्रश्न विचारला. मृतांत तहाने निषिद्ध ठरविलेले अल्पमुदतीचे स्वयंसेवकही होते, असे त्याने ‘दास आंदेरे डॉयच्लांड’ या पत्रात लिहिले. तीन वर्षांनी, मार्च १९२८ मध्ये, लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला आणि पत्राचा संपादक फ्रिट्झ क्यूस्टर याला प्रत्येकी नऊ महिने किल्ल्यात कैद ठेवण्याची शिक्षा दिली. या निकालामागील तर्क मुळातून समजून घेण्याजोगा आहे. सरकारचे कृत्य बेकायदा असले तरी ते चव्हाट्यावर मांडल्याने परराष्ट्रांना माहिती मिळते. नागरिकाची निष्ठा प्रथम आपल्या राज्याशी असली पाहिजे, असे न्यायालयाने मानले. कायदा मोडणारा सेनाधिकारी देशभक्त आणि कायदा मोडला जात आहे असे सांगणारा पत्रकार देशद्रोही, असा याचा सरळ अर्थ होता. हा निकाल हिटलरच्या न्यायाधीशांनी दिलेला नव्हता. तो जगातील एका अत्यंत उदार राज्यघटनेखाली दिला गेला होता, आणि नाझींना पुढे या बाबतीत नवे काही शिकावे लागले नाही.

१९३२ मध्ये याकोब स्ट्रासबर्गला गेला. पुढल्याच वर्षी नाझी राजवटीने नागरिकत्व काढून घेतलेल्यांची जी पहिली यादी प्रसिद्ध केली, तीत त्याचे नाव होते. स्ट्रासबर्गमधून तो एक छोटी वृत्तसेवा चालवीत असे. सैन्य गुप्तता पाळते हे खरे, पण त्याला मिरविण्याचीही हौस असते. बढत्या, बदल्या, संचलने, पलटणींचे वर्धापनदिन, अधिकाऱ्यांची लग्ने आणि मृत्युलेख गावोगावच्या पत्रांत छापून येतात. अशा एका बातमीला काही अर्थ नसतो, किंबहुना ती चकवूही शकते. पण वर्षानुवर्षे त्या जुळवीत गेले की कोणती नवी तुकडी कोठे उभी राहिली आणि तिचा प्रमुख कोण, हे कागदावर उमटू लागते. आज उपग्रहांची छायाचित्रे आणि सैनिकांनी स्वतःच प्रसृत केलेली चित्रे जुळवून युद्धाचा माग काढणारे अभ्यासक करतात ते याच जातीचे काम आहे. याकोबजवळ कात्री आणि चिकाटी एवढेच होते.

राज्यहीन माणसाला पारपत्राची निकड असते. हान्स वेसेमान या एकेकाळच्या समाजवादी पत्रकाराने नेमकी ही निकड हेरली. बनावट पारपत्राचे आमिष दाखवून त्याने याकोबला ९ मार्च १९३५ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे बोलाविले. तेथून गुंगीचे औषध देऊन त्याला मोटारीने सरहद्दीपार नेण्यात आले. बरोबर आठवड्याने, १६ मार्चला, हिटलरने सक्तीची लष्करभरती आणि छत्तीस डिव्हिजनांचे सैन्य जाहीर केले. ज्या पुनःशस्त्रीकरणाची वाच्यता हा याकोबचा अपराध, त्याची आता सरकारच दवंडी पिटत होते! याकोब मात्र बर्लिनच्या तुरुंगातच राहिला.

स्विस सरकारने वेसेमानला पकडले, पुरावे जमविले आणि लवादाचा आग्रह धरला. सप्टेंबर १९३५ मध्ये जर्मनीला याकोबला परत द्यावे लागले. हिटलरला नमते घ्यावयास लावणारी ही घटना एका लहान देशाने कायद्याच्या बळावर घडविली, याची आठवण मोठ्या राष्ट्रांना पुढे राहिली नाही. अर्थात स्विसांनीही त्याला ठेवून घेतले नाही. फ्रान्सला पाठवून दिले.

या अपहरणाभोवती एक आख्यायिका रचली गेली आहे. याकोबने जर्मन सैन्याची रचना व सेनापतींची नावे सांगणारे पुस्तक लिहिले, हिटलर संतापला, त्याला पळवून आणले गेले आणि चौकशीत त्याने प्रत्येक तपशिलाचे वर्तमानपत्रातील मूळ दाखवून अधिकाऱ्यांना थक्क केले, असे ती सांगते. हेरगिरीवरील पुस्तकांत ती आवडीने सांगितली जाते. पण ‘नवे जर्मन सैन्य आणि त्याचे नेते’ हे त्याचे पुस्तक पॅरिसमध्ये निघाले ते १९३६ साली, आणि त्यातील अधिकाऱ्यांची यादी त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंतची आहे. म्हणजे पुस्तकामुळे अपहरण झाले नाही. अपहरण सोसून परतल्यावर याकोबने तेच काम पुन्हा हाती घेतले. आख्यायिकेत तो चतुर दिसतो, पण तारखा पाहिल्या तर त्याचे धैर्य अधिक मोठे ठरते.

याच वर्षांत त्याने आणखी एक खटपट केली होती. छळछावणीत पडलेल्या ओसिएट्स्कीला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळावे या मोहिमेला सुरुवात करून देणाऱ्यांत तो होता. १९३५ चे ते पारितोषिक नोव्हेंबर १९३६ मध्ये जाहीर झाले. ओसिएट्स्की १९३८ मध्ये मरण पावला.

फ्रान्समध्ये याकोबच्या इशाऱ्यांचे काय झाले? युद्ध पेटताच फ्रेंच सरकारने हिटलरच्या या शत्रूला परका जर्मन म्हणून ल व्हर्नेच्या छावणीत डांबले. तेथून सुटून १९४१ मध्ये तो लिस्बनला पोचला. अमेरिकेचे जहाज गाठणे एवढेच बाकी होते. सप्टेंबरमध्ये जर्मन हस्तकांनी त्याला तेथील रस्त्यावरून उचलले आणि स्पेनमार्गे बर्लिनला नेले. या वेळी त्याला परत मागून आणणारे कोणी निघाले नाही. गेस्टापोच्या कैदेत त्याची प्रकृती खचली आणि २६ फेब्रुवारी १९४४ रोजी बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात त्याने प्राण सोडला.